नैरोबीतील पाहुणा

नैरोबी विषुववृत्ताच्या अगदी निकट, दक्षिणेस जेमतेम सव्वा अंशावर वसले आहे. त्यामुळे येथे बाराही महिने सूर्य सकाळी साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी साडेसहाच्याच सुमारास मावळतो. रात्रिभोजनत्यागाचा नियम पाळणाऱ्या कुटुंबाला याहून सोयीचे शहर शोधून सापडणार नाही. युरोपातील आमच्या स्नेह्यांची हिवाळ्यात कोण तारांबळ उडते! आम्ही मात्र गेली बारा वर्षे सहा वाजता ताटावर बसतो आणि जेवण आटोपले की शिरोळ तालुक्यातील घरी दूरध्वनी लावतो. तेथे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात.

पार्कलँड्स भागात जैन वस्ती मोठी आहे. बहुतेक कुटुंबे जामनगरजवळच्या हालार भागातून तीन-चार पिढ्यांपूर्वी आलेली, ओसवाल, गुजराती बोलणारी. त्यांच्या मंदिरात आम्हां दक्षिण महाराष्ट्रातील दिगंबरांचेही प्रेमाने स्वागत होते. हे लोक आता येथलेच झाले आहेत. २०१७ साली केनिया शासनाने येथील आशियाई नागरिकांना देशाचा ४४वा समाज म्हणून मान्यताही दिली. मी मात्र कामाच्या परवान्यावर गणित शिकवणारा शिक्षक. गणिताला स्वाहिली भाषेत 'हेसाबू' म्हणतात आणि दुकानाला 'दुका', त्यामुळे पहिल्या महिन्यात परकेपणा फारसा जाणवला नाही. बटाटा टाळणे जमले, पण कांद्याविना काही मागितले की खानावळीतील माणूस अजूनही माझी प्रकृती बरी आहे ना, अशी विचारपूस करतो.

येथील राजकारणाविषयी बोलायचे नाही, हा नियम मी पहिल्याच वर्षी स्वतःला घालून घेतला. तो कधी मोडला नाही. मायदेशाच्या राजकारणाविषयी मात्र मी सतत बोलत आलो. सकाळी चहाबरोबर मराठी वृत्तपत्रे मोबाइलवर वाचावीत आणि कुटुंबाच्या गटावर आपले मत लिहून टाकावे, हा परिपाठच झाला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये अलमट्टी धरणाचा विषय निघाला. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह आणि त्यास कोल्हापूर-सांगलीकरांचा विरोध, हे वाचकांना ठाऊकच आहे. मी लिहिले की, लोकांनी पूररेषेत घरे बांधायची आणि खापर धरणावर फोडायचे, हा कांगावा आहे. वाक्य मला तेव्हा फार नेमके वाटले होते.

त्या सायंकाळी थोरले बंधू, आमचे अण्णा, नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "२०१९ ला पंचगंगेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा मी जनावरं सोडून निघायला तयार नव्हतो. बोटवाल्यांनी ओढून काढलं मला. ते घर आजोबांनी बांधलंय. तेव्हा अलमट्टीही नव्हतं आणि तुमची ती रेषाही नव्हती. तू कुठं होतास तेव्हा?" मी नैरोबीत होतो. काही पैसे पाठवले होते, हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. "निदान मतदानाला तरी येणार म्हणाला होतास," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

आमच्या भागात ७ मे रोजी मतदान होते. परदेशस्थ भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मत द्यायचे तर स्वतः आपल्या केंद्रावर उभे राहावे लागते. त्याच सुमारास केनियात अतिवृष्टीने हाहाकार उडाला आणि शासनाने शाळा उघडणे लांबणीवर टाकले. म्हणजे मला सुटीही होती. मी विमानाचे भाडे पाहिले आणि संगणक बंद केला. खरे कारण एवढेच.

त्या पुरात मथारे नदीकाठची वस्ती वाहून गेली. नदीपासून तीस मीटरच्या आतील घरे हटवण्याचा आदेश निघाला आणि उरलेली बरीच घरे यंत्रांनी पाडली गेली. आमच्या शाळेत स्वच्छतेचे काम करणाऱ्या एका बाईंचे पत्र्याचे घर त्यांत गेले. शाळा सुरू झाल्यावर आम्ही वर्गणी काढली. मी माझा वाटा दिला व तासाला गेलो.

पुढे जूनमध्ये वित्त विधेयकाविरुद्ध येथील तरुण रस्त्यावर उतरले. २५ जूनला जमाव संसदेत शिरला, गोळीबारात मुले मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयकावर स्वाक्षरी करणार नसल्याचे जाहीर केले. शिक्षकांच्या खोलीत त्याखेरीज दुसरा विषय नव्हता. स्वाहिली शिकवणारे एक ज्येष्ठ सहकारी माझ्याकडे वळून म्हणाले, "म्वालिमू, तुमचे काय मत?" म्वालिमू म्हणजे गुरुजी. मी नेहमीचे उत्तर दिले की, मी येथे पाहुणा आहे. ते हसले आणि त्यांनी आपल्या भाषेतील एक म्हण ऐकवली. पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्यावी, असा तिचा अर्थ. "तुम्हाला तर बारा वर्षे झाली," ते म्हणाले. आमच्या कोल्हापूरकडे 'पाव्हणं' हा शब्द नात्यातल्या माणसाला लावतात, हे त्यांना सांगावे असे मनात आले; सांगितले नाही.

दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस आला. सहा वाजता जेवलो, तासभर तसाच बसून राहिलो आणि मग अण्णांना फोन लावला. कळत-नकळत झालेल्या अपराधांची क्षमा दरवर्षी मागतोच. या वेळी मी त्या वाक्याचे नाव घेऊन मागितली आणि भाड्याचेही सांगितले. अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझीही चूक झाली. फोन तसा ठेवायला नको होता." ऊस बरा आहे, यंदा पाणी अंगणापर्यंत येऊन परतले, असे बोलणे झाले. आणि मध्येच त्यांनी विचारले, "तुमच्या शाळेतल्या त्या बाईंचं घर पाडलं म्हणाला होतास. कुठं राहतात आता त्या?"

मला ठाऊक नव्हते. चार महिने त्या रोज माझ्या वर्गाचा फळा पुसत होत्या.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विचारले. त्या कायोले येथे बहिणीकडे एका खोलीत राहतात, दोन मुलांसह. सकाळी पाचला निघतात, दोन मटाटू बदलतात. भाड्याच्या खोलीसाठी आगाऊ रक्कम जमवत आहेत. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर खोली पाहायला गेलो. परतायला उशीर झाला, सूर्य मावळून गेला होता. त्या रात्री मी जेवलो नाही, पण अण्णांना फोन मात्र केला.