वाढदिवसाचे गाणे

वाचकहो, माणसांप्रमाणे राज्यांनाही वाढदिवस असतात. महाराष्ट्रात तो १ मे रोजी येतो; कर्नाटक, केरळ आणि मध्य प्रदेश या राज्यांत १ नोव्हेंबरला. छत्तीसगढचा जन्मही १ नोव्हेंबरचाच, परंतु २००० सालचा. म्हणजे थोरल्या घराच्या वाढदिवशीच धाकट्याने आपली चूल वेगळी मांडली. २०२५ मध्ये त्या चुलीला पंचवीस वर्षे पुरी झाली.

माझी आजी सून म्हणून रायपुरात आली तेव्हा हा मुलूख नागपूरच्या राजधानीखाली होता. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली आणि २००० मध्ये ती रायपुरातच येऊन ठाकली. तात्यापाऱ्याजवळच्या आपल्या घरातून आजी मात्र कोठेच गेली नाही. "मी पाट हलवला नाही, सरकारच फिरत राहिले," असे ती म्हणे.

या गावात मराठी माणूस तसा जुनाच. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे बसला, तो १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा होईपर्यंत या ना त्या रूपाने टिकला. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढले, लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. १९३५ पासून येथे महाराष्ट्र मंडळ आहे. इतका घरोबा असूनही आमच्या माजघरातले गाणे आणि दारावर येणारे गाणे यांच्यामध्ये एक उंबरठा राहिलाच. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्या उंबरठ्याविषयी.

राज्याचा वाढदिवस म्हणजे राज्योत्सव. आणि राज्योत्सव म्हणजे एक मोठी जत्राच. कधी ती सायन्स कॉलेजच्या मैदानावर भरते, कधी शहराबाहेर नवा रायपूरच्या प्रशस्त जागेत. निरनिराळ्या खात्यांची दालने असतात, धरणांच्या आणि शाळांच्या प्रतिकृती असतात. मोठी माणसे त्यांच्यापुढून चालत राहतात; मुले तेवढी थबकतात, कारण एखाद्या प्रतिकृतीतल्या धरणातून खरेखुरे पाणी वाहत असते. गर्दी होते ती हस्तकलेच्या आणि खाण्याच्या बाजूला. बस्तरच्या ढोकरा कामाचे हत्तीघोडे, चांप्याचे कोसा रेशीम, तव्यावरून उतरणारा तांदळाचा चीला! मराठी गृहिणीने तर येथे एक फेरी मारावीच. ठेठरी दाताखाली आली की कडबोळे आठवते. खुरमी शंकरपाळ्याची बहीण वाटते. आणि अइरसा हातात पडला की तो अनारसाच आहे हे कोणी सांगावे लागत नाही. तांदूळ तोच, गूळ तोच. नावातले एक अक्षर तेवढे वाटेत सांडले आहे. पदार्थ उंबरठा किती सहज ओलांडतात! गाण्याला ते तितके साधत नाही.

संध्याकाळी रंगमंच उजळतो. दिवेलागणीला स्थानिक पथके आणि रात्र चढली की मुंबईचे पार्श्वगायक, असा अशा उत्सवांचा सर्वसाधारण क्रम असतो. काही वर्षांपूर्वी, माझी मुलगी सहा वर्षांची असताना, आम्ही लवकर जाऊन बसलो होतो. खुर्च्या बऱ्याच मोकळ्या होत्या. रंगमंचावर एकसारख्या लुगड्यांतल्या मुलींनी सुआ नाच केला, चार-पाच मिनिटांचाच. मुलीने तो डोळे न मिटता पाहिला आणि मला विचारले, "आई, या आपल्या घरी कधी येणार?"

सुआ ही मुळात घरी येण्याचीच गोष्ट आहे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते.

दिवाळीच्या आधी काही दिवस खेड्यातल्या आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांतल्या बायका टोपलीत धान भरून त्यावर मातीचा राघू, बहुधा राघूची जोडी, ठेवतात आणि घरोघर जातात. अंगणाच्या मध्यभागी टोपली ठेवायची, तिच्याभोवती फेर धरायचा, वाकून टाळ्या वाजवीत गायचे. ना ढोलक, ना पेटी. टाळी हाच ताल. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो. गाणे सारे राघूला उद्देशून असते. सासरचे दुःख, माहेरची ओढ, दूर गेलेला नवरा, बाईच्या जन्माची तक्रार हे सारे त्या मातीच्या पाखराला सांगायचे आणि निरोप पोचव म्हणून विनवायचे. घरची बाई सुपातून तांदूळ आणि काही पैसे घालते. त्या पैशातून पुढे गौरा-गौरीच्या पूजेचा खर्च भागतो. माझी आजी सूप घेऊन ओसरीच्या पायरीपर्यंत येत असे. त्याच्यापुढे नाही.

माझा व्यवसाय भाषांतराचा. त्यामुळे ही गाणी कानावर पडली की मनात आपोआप शब्द जुळवले जातात. 'सुआ' म्हणजे पोपट. पण पोपट म्हटले की पिंजरा आणि हिरवी मिरची डोळ्यांपुढे येते, गाणे मरते. मराठीत तिथे 'राघू'च हवा. मात्र इथे एक पेच आहे. आपल्या जात्यावरच्या ओवीत राघू म्हणजे लेक, आणि मैना म्हणजे लेकी. आईने त्यांच्याविषयी कौतुकाने गावे असा तो संकेत. सुआ गीतातला राघू मात्र लेकरू नव्हे. तो निरोप्या आहे, आणि विश्वासू मैत्रीणही. तेव्हा 'राघू' लिहावे तर मराठी वाचक बाईच्या मुलाची गोष्ट वाचू लागेल, आणि 'पोपट' लिहावे तर काहीच वाचणार नाही. मी हे गाणे मराठीत आणण्याचा प्रयत्न कधी पुरा केलेला नाही, आणि अलीकडे तो पुरा व्हावा असे फारसे वाटतही नाही. काही गाण्यांची भाषा शिकणे हेच त्यांचे भाषांतर.

रंगमंचावरच्या त्या नाचात मला एक गोष्ट खटकली होती. फेर मोडून त्याची रांग झाली होती. रंगमंचाला तोंड असते आणि फेराला तोंड नसते. म्हणून जिथे जिथे असे नाच मंचावर जातात, तिथे बायका हळूहळू प्रेक्षकांकडे वळतात आणि मधली टोपली मागे पडते. भोंडल्याच्या स्पर्धांत हत्तीची जी दशा होते तीच ही. मुली प्रेक्षकांसाठी गात होत्या, राघूसाठी नव्हे. आणि राघू तर तिथेच, त्यांच्या पाठीशी, धानावर बसला होता.

पण म्हणून रंगमंचाला दोष देत बसावे असे मी म्हणणार नाही. छत्तीसगढने रंगमंचाचे ऋण मोठे मानले पाहिजे. तीजनबाईंची पंडवानी मंचावर आली नसती तर महाभारत एका बाईच्या हातातल्या तंबुऱ्यात मावते हे जगाला कळले नसते. तो तंबुरा त्यांच्या हाती कधी भीमाची गदा होतो, कधी दुःशासनाचा हात. त्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पंडवानीच्या दोन रीती आहेत. वेदमती रीतीत बसून गातात. झाडूराम देवांगन हे तिचे थोर गायक. तीजनबाईंची कापालिक रीत उभ्याने गाण्याची, अभिनयाची. दोहींत गायकाला हुंकार देणारा, शंका विचारणारा एक साथीदार असतो, त्याला 'रागी' म्हणतात. आपल्या कीर्तनात बुवांच्या मागे झीलकरी असतात, परंतु मधेच "मग पुढे काय झाले?" असे विचारण्याचा हक्क त्यांना सहसा नसतो. माझ्या मुलीला हा रागी फार आवडतो. घरी कोणी काही सांगू लागले की ती त्याची भूमिका घेते, आणि गोष्ट लांबते.

आणि दाऊ रामचंद्र देशमुखांचे 'चंदैनी गोंदा'! १९७१ मध्ये दुर्गजवळच्या बघेरा गावी त्यांनी शेतकऱ्याच्या जीवनावरचा हा गीतनाट्याचा प्रयोग उभा केला. लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते, खुमान साव यांचे संगीत. तोही रंगमंचच होता, दिवेही होते, वाद्यवृंदही होता. फरक एवढाच की ज्यांनी तो बांधला ते त्या गाण्यांत वाढलेले होते, आणि समोर बसलेल्यांनाही गाण्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नव्हता.

चित्रपटाच्या आश्रयावाचून जगणारे संगीत, ज्याला तरुण मंडळी आता 'स्वतंत्र संगीत' म्हणतात, ते या मुलखात असे पूर्वीपासूनच आहे. त्याचा आश्रयदाता कोण? थोडीफार आकाशवाणी, रायपूर केंद्राने छत्तीसगढी गाण्यांना वर्षानुवर्षे घराघरांत पोचवले. बाकी सारा आश्रय अंगणाचा. चित्रपटच कधी कधी त्याच्या दारी आला. २००९ च्या 'दिल्ली-६' मधले सासरचे गाणे देशभर वाजले, तेव्हा ते छत्तीसगढी लोकगीतावरून आले आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीरांच्या कन्या नगीन तन्वीर २०१० मध्ये 'पीपली लाइव्ह' साठी गायल्या, तेव्हा निदान गळा आणि माती दोन्ही इथलीच होती.

मला स्वतःला विचाराल तर सुरुजबाई खांडे यांची भरथरी मला सर्वांत प्रिय आहे. त्या २०१८ मध्ये गेल्या. नवनाथांच्या पोथीतला भर्तरीनाथ आपल्या वाचकांना परका नाही. उज्जयिनीचा राजा, जो सर्व सोडून जोगी झाला. अन्यत्र ही कथा बहुधा पुरुष जोगी गातात. छत्तीसगढात ती बायकांनी आपलीशी केली, आणि त्यामुळे तिचा तोलच बदलला. राजा वैराग्य घेतो हे खरे. पण ऐकणाऱ्याचे लक्ष मागे राहिलेल्या राणीकडे जाते.

वाढदिवसाचा सोहळा कसा असावा, याचा या प्रदेशातला माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना मात्र राज्योत्सवाचा नव्हे. तो १८ डिसेंबरचा. १७५६ मध्ये गिरौदपुरी येथे जन्मलेल्या गुरू घासीदासांची ती जयंती. सर्व माणसे समान, हा त्यांचा उपदेश. त्या दिवशी सतनामी वस्त्यांतून पांढऱ्या जैतखांबावर पांढरे निशाण चढते आणि त्याच्याभोवती पंथी नाच सुरू होतो. मांदर आणि झांज. आरंभ संथ, मग लय चढत जाते, पावले दिसेनाशी होतात, नाचणारे एकमेकांच्या खांद्यांवर उभे राहतात, आणि गाणे क्षणभरही तुटत नाही. गाण्यात गुरूंचे चरित्र आणि त्यांची शिकवण. ज्याचा वाढदिवस त्याचीच गोष्ट, आणि तीही खांबाभोवती फेर धरून. इथे फेराची रांग होत नाही, कारण मध्यभागी असलेला खांब कोणाला मागे टाकता येत नाही.

हे सारे पाहून आमच्या घरीही वाढदिवसाची एक रीत पडली आहे. मुलीचा वाढदिवस कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत येतो. त्या संध्याकाळी येणाऱ्याने भेटवस्तूऐवजी एक गाणे आणायचे. अट एवढीच की ते कोणा माणसाच्या तोंडून शिकलेले असावे, यंत्रावरून नव्हे. मुलांना ही अट प्रथम जाचक वाटते. मग कोणी आजोबांची भूपाळी आणतो, कोणी ओडिया शेजारणीची अंगाई, आणि एकाने तर रेल्वेगाडीत ऐकलेली विक्रेत्याची आरोळी चालीसकट म्हणून दाखवली. ती आम्ही ग्राह्य धरली.

गेल्या खेपेस आमच्याकडे कामाला येणारी दाई, जी मूळची आरंगकडची, मुलीच्या आग्रहाने पुढच्या खोलीत येऊन बसली. "नोनीसाठी म्हणते," असे म्हणून तिने सुआ धरला. एकटीने सुआ म्हणता येत नाही, दुसरी ओळ उचलणारे कोणी लागते. म्हणून तिने मुलींना उभे केले, मध्ये स्वयंपाकघरातला तांदळाचा डबा ठेवला आणि टाळी कुठे पडायची ते शिकवले. राघू नव्हता. मुलीने कागदाचा करून ठेवला. तो उंदरासारखा दिसत होता, पण चालला.

मग दाईने सासूबाईंना गाणे मागितले. सासूबाई विदर्भातल्या, त्यांना भुलाबाईची गाणी येतात. "भुलाबाईला कोजागिरीला बोळवले, आता तिची गाणी कशी म्हणायची?" असे त्या म्हणाल्या खऱ्या, पण दोन म्हटलीच. दाई लक्ष देऊन ऐकत होती. भुलोजी कोण, असे तिने विचारले. सासूबाईंनी सांगितले की भुलोजी म्हणजे शंकर आणि भुलाबाई म्हणजे भिल्लिणीच्या वेषातली पार्वती. त्यांच्या मातीच्या मूर्ती बसवतात, आणि तिच्या मांडीवर बाळ गणपती असतो.

"मग हे तर आमचे गौरा-गौरीच की," दाई म्हणाली. "पण आमच्याकडे त्यांचे लग्न दिवाळीच्या रात्री लागते. तुमच्याकडे कोजागिरीलाच तिच्या मांडीवर लेकरू कसे?"

सासूबाई हसू लागल्या, त्यांना काही उत्तर सुचेना. मुलगी रागीसारखी मधेच म्हणाली, "मग पुढे काय झाले?" पुढे खिरापत ओळखण्याचा खेळ झाला. डब्यात ठेठरी होती, आणि ती दाईनेच केलेली असल्यामुळे तिला खेळातून बाहेर बसावे लागले.