दोष हाताचा की लाकडाचा?

गिटार शिकणारे बरेचजण एफ कॉर्डपाशी येऊन अडतात. सी, जी, डी, ए मायनर बऱ्यापैकी बसलेले असतात, दोन-चार गाणी वाजायला लागलेली असतात, घरच्यांचं कौतुक पदरात पडलेलं असतं. आणि मग हा एफ येतो. पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर आडवं टाकून सगळ्या तारा दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढचा आकार धरायचा. दोन तारा वाजतात, दोन फरफरतात, दोन मुक्या राहतात. अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. पुष्कळ गिटारी इथूनच कपाटावर जातात, त्या पुन्हा खाली येत नाहीत.

"सर, हिची बोटंच नाजूक आहेत हो," एका विद्यार्थिनीच्या आई मला सांगत होत्या. बोटं नाजूक होती हे खरं. पण मी त्या गिटारला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावला आणि तोच आकार कॅपोच्या पुढच्या घरात धरायला सांगितला. सहापैकी पाच तारा स्वच्छ वाजल्या. बोटं तीच, ताकद तीच. फरक एवढाच की तारा आता नटवरून न येता कॅपोखालून येत होत्या.

नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला असलेली हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी. तिच्यात सहा खाचा असतात आणि पहिल्या फ्रेटवर तार किती उंच राहणार हे त्या खाचांच्या खोलीवर ठरतं. कारखान्यात खाचा थोड्या उथळच ठेवतात. उथळ खाच नंतर कोरता येते, जास्त कोरलेली भरून काढणं मात्र कटकटीचं. हिशेब बरोबर आहे, पण स्वस्त गिटारीत तो 'नंतर' कधी येतच नाही. तपासायचं कसं, तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर डोळा लावायचा. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट दिसली तर ठीक. तिथून व्हिजिटिंग कार्ड सरकत असेल तर एफ कॉर्डसाठी लागणारं निम्मं बळ त्या पट्टीपायी वाया जातंय.

नुसतं बळच जात नाही, सूरही जातो. उंच तार फ्रेटपर्यंत दाबताना ताणली जाते आणि चढते. मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी नेमक्या लावल्या तरी पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे कॉर्ड बेसूर वाजतात. शिकणारा पुन्हापुन्हा खुंट्या पिळत बसतो आणि शेवटी स्वतःच्या कानावर शंका घेतो. कान बिचारा खरंच सांगत असतो.

आपण रियाज एका खात्यात टाकतो आणि वाद्याची निगा दुसऱ्या. एक गुरूकडून शिकायचा, दुसरी दुकानदारावर सोपवायची. माझं मत असं की वाजवणाऱ्याला ही वाटणी परवडत नाही. कानाला दोष ऐकू येतो एकच, पण त्याचे धनी दोन असू शकतात. कुणाचा किती वाटा, हे ओळखता येणं हा तंत्राचाच भाग आहे.

अर्थात बहुतेक वेळा धनी हातच असतो. डाव्या हाताचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे गरजेपेक्षा जास्त दाब. तो घालवायला मी एक खेळ देतो. तारेवर बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि उजव्या हाताने ती तार छेडत राहायची. सुरुवातीला येतो फक्त 'ठक' असा मुका आवाज. मग दाब कणाकणाने वाढवत न्यायचा. मधे एक फरफर येते आणि तिच्या पाठोपाठ एकदम सूर उमटतो. तिथेच थांबायचं. एवढाच दाब लागतो, त्यापुढचा सगळा फुकट. हाच खेळ बोट दोन फ्रेटच्या मधोमध ठेवून करून बघायचा आणि मग फ्रेटच्या अगदी मागे सरकवून. जागा बदलल्याबरोबर मागणी किती उतरते ते बोटालाच कळतं, मला समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा रोग अंगठ्याचा. नेकमागचा अंगठा सांडशीसारखा आवळला की बाकीची बोटं जखडतात. म्हणून मधूनमधून अंगठा नेकवरून उचलून वाजवायला लावतो. गिटार मांडीवर आणि उजव्या दंडाखाली नीट बसलेली असेल तर अंगठ्याशिवायही बार कॉर्ड थोडा वेळ टिकतो, कारण दाब चिमटीतून न येता हाताच्या वजनातून, कोपर मागे ओढला जाण्यातून येतो. एफमध्ये मुकी राहते ती बहुधा दुसरी, म्हणजे बी तार, कारण ती नेमकी पहिल्या बोटाच्या पेराच्या घडीत सापडते. बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलतं केलं, म्हणजे मऊ मांसाऐवजी कडेचं हाड तारेवर येतं, की ती बोलायला लागते.

कॉर्ड बदलतानाही असंच. ए मायनरवरून सीवर जायला अख्खा हात उचलणारे खूप. पहिलं आणि दुसरं बोट दोन्ही कॉर्डमध्ये त्याच जागी असतं, फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेवर जाते. हे दिसायला वेग कमी करावा लागतो, आणि कमी म्हणजे खरंच कमी. मेट्रोनोम साठवर, चार ठोक्यांना एक बदल. तबला शिकणारा ठायीत बोल पक्के केल्याशिवाय दुगुनीला हात घालत नाही. गिटारवाला मात्र पहिल्या दिवसापासून मूळ गाण्याच्या लयीत धावतो आणि प्रत्येक बदलाला धापा टाकतो.

आता फरफरीकडे येऊ. मराठी कानाला तारेचा झणत्कार नवा नाही. तानपुऱ्याची जवारी म्हणजे तारेने घोडीच्या गोलसर पाठीला चाटत जाणंच आहे. मिरजेचे कारागीर तो झणत्कार आणायला तासन्‌तास घोडी घासतात. गिटारमध्ये तार फ्रेटला चाटली की तीच गोष्ट दोष ठरते. पण हा दोष आपला पत्ता स्वतःच सांगतो. फक्त मोकळी तार फरफरत असेल आणि दाबल्यावर स्वच्छ वाजत असेल, तर नटची खाच खोल गेलीय. पहिल्या चार-पाच फ्रेटवर फरफर असेल तर नेक फार सरळ झालाय किंवा मागे वाकलाय. एकाच जागी असेल तर पुढचा एखादा फ्रेट उचकटलाय. वरच्या फ्रेटवर सगळीकडे असेल तर तारा फार खाली आल्यात. आणि कधी इथे तर कधी तिथे, कधी असते तर कधी नसते, तेव्हा बोट तपासावं.

तारा आपोआप खाली-वर कशा होतात? हवेमुळे. लाकूड ओल पितं आणि सोडतं. रेषांच्या लांबीत ते फारसं हलत नाही, आडवं मात्र चांगलंच फुगतं आणि आकसतं. गिटारची पुढची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, आणि स्टीलच्या सहा तारा मिळून सुमारे 70 ते 75 किलोंचा ताण त्या फळीवर चिकटवलेल्या ब्रिजमधून ओढत असतात. ही फळीच वाद्याचा गळा. स्पेनचे आन्तोनिओ दे तोरेस यांनी 1862 साली एक गिटार बनवली, तिची पाठ आणि कडा चक्क कागदी पुठ्ठ्याच्या, फक्त पुढची फळी लाकडाची. आवाज मुख्यतः पुढची फळी घडवते, हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे ती क्वचितच मिळते. पुण्यात आषाढ-श्रावणात फळी फुगून वर येते, ब्रिज वर जातो, तारा उंचावतात आणि बोटं अचानक जड झाल्यासारखी वाटतात. एप्रिलच्या दुपारी उलटं होतं. फळी बसते, तारा खाली येतात, फरफर सुरू होते. फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं पण फ्रेटचा धातू आकसत नाही, म्हणून नेकच्या कडेला फ्रेटची टोकं हाताला बोचू लागतात. गोव्यात मांडोच्या साथीला घुमटाबरोबर गिटार असते. घुमटाचं कातडं पावसात उतरलं की लगेच सगळ्यांना ऐकू येतं. गिटारचं लाकूड फुगलेलं मात्र लक्षात येत नाही, वाजवणारा आपला रियाज कमी पडला असं समजतो. प्लायची फळी असलेली स्वस्त गिटार हवा बरीच सोसते, पण तिचाही नेक हलतोच.

उपाय साधे आहेत. घरात एक छोटा आर्द्रतामापक ठेवावा. पावसाळ्यात वाजवून झालं की गिटार केसमध्ये, आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या. त्या पुड्याही ओल पिऊन भरतात, अधूनमधून वाळवाव्या लागतात. उन्हाळ्यात उलट, भोकं पाडलेल्या साबणदाणीत घट्ट पिळलेला स्पंज. ओली बाहेरची भिंत, एसीचा थेट झोत आणि उन्हात उभी केलेली बंद गाडी या तिन्ही जागा टाळाव्या. गाडीतल्या उष्णतेने सरस मऊ पडतो आणि तारांचा ताण ब्रिजला उचकटून वर काढतो.

नेकचा बाक हा त्यातला नाजूक भाग. स्टीलच्या तारांच्या गिटारीत नेकमध्ये ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती तारांच्या ओढीला उलटा जोर देते. बाक बघायला एक तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक अंगाला जुळतो त्या फ्रेटवर एकदम दाबायची. सातव्या फ्रेटपाशी जाड कागदाएवढी फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड थोडा आवळायचा, नसेलच तर ढिला करायचा. एका वेळी पाव फेरा, मग लाकडाला एक दिवस द्यायचा. नुसतं बघणं सगळ्यांनी शिकावं. पाना मात्र आधी जाणत्या माणसाच्या हातात द्यावा आणि शेजारी उभं राहून पाहावं. नायलॉनच्या क्लासिकल गिटारीत बहुधा हा रॉड नसतोच. तिच्या तारांचा ताण पुष्कळ कमी, नेक जाड.

तारांबद्दल लोक सर्वांत जास्त चिकटपणा करतात. तार तुटल्याशिवाय बदलायची नाही असा बाणा. पण तार तुटण्याच्या कितीतरी आधी मरते. वेटोळ्याच्या तारांमध्ये घाम आणि मळ साचतो, तकाकी जाते, फ्रेटवर घासून तारेच्या पोटाला खळगे पडतात. अशी तार वरच्या फ्रेटवर सुरात येत नाही, कारण तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. वाजवण्याआधी हात धुवायचे आणि वाजवून झाल्यावर सुती फडकं तारांच्या वरूनच नाही, खालूनही फिरवायचं. एवढ्याने तारांचं आयुष्य सहज वाढतं. कोकणपट्टीत तर हे न करण्याची सोयच नाही, खारी हवा स्टीलला थोड्याच दिवसांत गंज चढवते.

फ्रेटबोर्ड पुष्कळदा शिसवीचा असतो. सह्याद्रीच्या जंगलातली ही शिसवी जगभरच्या गिटारींत जाते. ब्राझीलच्या रोजवुडची आवक 1960 च्या दशकात आटली, तेव्हापासून गिटारींच्या पाठी आणि कडांसाठी आपल्या शिसवीची मागणी वाढली. घरात शिसवी देव्हारा असेल तर या लाकडाची ओळख सांगायला नको. पण देव्हाऱ्याला लावतात म्हणून इथे खोबरेल लावू नये. ते खवट होतं, चिकटतं, धूळ धरतं. वर्षातून एक-दोनदा तारा काढल्या असताना फ्रेटबोर्डसाठी मिळणाऱ्या खनिज तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसावं, पाच मिनिटांनी कोरडं करावं. तारा लावताना खाचांमधून शिसपेन्सिल फिरवावी. खुंटी फिरवताना 'टक्' असा आवाज येऊन सूर उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकतेय. पेन्सिलीच्या शिशाने ती मोकळी सरकते. आणि सूर नेहमी खालून वर चढवत लावावा. चढा झाला तर उतरवून पुन्हा वर आणावा, म्हणजे खुंटीच्या दात्यांतली ढिलाई उरत नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, गिटार वाजवायची की तिची सेवा करत बसायचं? मला विचाराल तर या कामांनी वाजवणंच सुधारतं. तारा बदलताना, फट बघताना, फरफरीचा पत्ता शोधताना कान आणि हात या वाद्यावर किती बारीक फरकांना उत्तर देतात ते कळतं. दाबाचा खेळ आणि नटची तपासणी दोन्हीकडे प्रश्न एकच असतो. सूर उमटायला नेमकं किती पुरतं?

नवी गिटार घ्यायची म्हणून लोक कंपनी विचारतात. मी म्हणतो, ठरवलेल्या पैशांतले थोडे सेटअपसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात येईल ती घ्या. नटच्या खाचा, सॅडलची म्हणजे ब्रिजवरच्या पट्टीची उंची, नेकचा बाक एवढं एका जाणत्या कारागिराने बघितलं की साधी गिटारही वागायला सरळ होते. मग तुमच्याकडे सबब राहत नाही, आणि ते बरंच. त्यानंतर जी तार मुकी राहील ती हाताचीच चूक, आणि हाताची चूक रोज थोडी थोडी दुरुस्त करता येते.