ऑक्सिजनची साक्ष कुठवर चालते?

लघुग्रह कसे जन्मले ते सोपे करून लिहा, असा संपादकांचा आग्रह. सोपे करतो, पण थोड्या आकडेमोडीतून वाचकांची सुटका नाही. लघुग्रहांचे तुकडे पृथ्वीवर पडतात ते अशनी, आणि आधी तेच ओळखावे लागतात. दख्खनातल्या मोडनिंबच्या माळावर काळ्या दगडांना तोटा नाही. एखादा जड लागला आणि चुंबकाला चिकटला की तो आकाशातून पडला, असे ठरूनच जाते. वर्तमानपत्रेही मागे राहत नाहीत. वास्तविक आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतेच, त्यामुळे चुंबक चिकटण्यात नवल काही नाही. खरी परीक्षा खनिजांतल्या ऑक्सिजनची. त्याचे तीन स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत: 16 (99.76 टक्के), 18 (सुमारे 0.20) आणि 17 (जेमतेम 0.04). वितळणे, गोठणे, बाष्प होणे अशा क्रियांत 18चे प्रमाण जितके सरकते, त्याच्या साधारण निम्मे 17चे सरकते, कारण 16शी वजनाचा फरक एकाचा दोन तर दुसऱ्याचा एक. म्हणून मोडनिंबचा बेसाल्ट, समुद्राचे पाणी आणि आपले रक्त 17 आणि 18च्या आलेखावर एकाच तिरक्या रेषेवर बसतात. 22 मे 2012 रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेले दगड अशनींच्या एल गटातले. या गटातील अशनी मात्र त्या रेषेच्या वर, हजारी सुमारे 1.1 इतके, सुटून बसतात. एच गट 0.7च्या आसपास, एलएल गट 1.3च्या.

ही सुटी रेष आली कुठून, यावरचा वाद मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. संपादकांनी कात्री लावली तर लावू दे. 1973मध्ये रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोत 1969 साली पडलेल्या आयेंदे अशनीतले पांढरे, कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त कण तपासले. त्यांत 17 आणि 18 दोन्ही सुमारे 4 टक्क्यांनी कमी, तेही सारख्याच प्रमाणात. निम्म्याचा नियम मोडला होता. स्पष्टीकरण आले की एखाद्या स्फोटक ताऱ्याची 16ने समृद्ध धूळ या कणांत मिसळली. छान कथा, पण तशा धुळीचे कण शोधूनही पुरेसे सापडेनात. पुढे 2002मध्ये क्लेटन यांनीच दुसरा मार्ग सुचवला. कार्बन मोनॉक्साइडमधले 16वाले रेणू मुबलक. ते आपल्या वाट्याचे अतिनील किरण बाहेरच्या थरातच शोषून टाकतात. आतले विरळ 17 आणि 18वाले रेणू मात्र फुटत राहतात आणि सुटलेला जड ऑक्सिजन पाण्याच्या बर्फात जातो, तिथून ग्रहांच्या द्रव्यात. हे खरे असेल तर सूर्य त्या पांढऱ्या कणांसारखा असायला हवा. जेनेसिस यानाने आणलेल्या सौरवाऱ्याचे मापन 2011मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा सूर्यात 17 आणि 18 पृथ्वीपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी कमी निघाले. वेगळा ठरला तो सूर्य नव्हे. वेगळे आहोत आपण. हे किरणशोषण सूर्यमाला ज्यातून बनली त्या मूळ ढगात झाले की नंतर सूर्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत, हे भांडण अजून चालूच आहे.

आता आक्षेप. ऑक्सिजन जुळला म्हणजे जन्मदाता एकच, असे म्हणावे तर पृथ्वी, चंद्र आणि एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट प्रकारचे अशनी जवळजवळ एकाच रेषेवर येतात. म्हणून ते अशनी पृथ्वीचे तुकडे ठरत नाहीत. आक्षेप रास्त आहे आणि मला मान्य आहे. ऑक्सिजन नाते नाकारतो तेव्हा ठाम असतो, कारण कितीही तापवले तरी एका रेषेवरचा दगड स्वतःहून दुसरीवर जात नाही. जोडतो तेव्हा मात्र फक्त शक्यता सांगतो. हायाबुसा यानाने 2010मध्ये आणलेल्या इतोकावा लघुग्रहाच्या कणांचा ऑक्सिजन एलएल गटाशी जुळला. तो निष्कर्ष टिकला, कारण खनिजांची रचनाही त्याच गटाची निघाली आणि कण थेट लघुग्रहावरून उचललेले होते. काटोलच्या गटाबाबत तशी सोय नाही. आधी गेफिऑन या लघुग्रहांच्या कुटुंबाकडे बोट दाखवले जाई. 2024मध्ये वर्णपट आणि कक्षांच्या आधारे मसालिया कुटुंबाचे नाव पुढे आले. हा निवाडा एकट्या ऑक्सिजनच्या आवाक्यातला नव्हता. 'अमुक अशनी अमुक लघुग्रहाचा' असा मथळा दिसला, की जोडीला दुसरा पुरावा कोणता, एवढे वाचकांनी विचारावे.

अशनीला इथले पाणी लागले की गंज चढतो आणि त्या गंजात पृथ्वीचाच ऑक्सिजन शिरतो. म्हणून दगड खरोखरच डोळ्यांदेखत पडला, तर तो धुऊ नका, पूजेत ठेवून त्यावर दूध-पाणी घालू नका, चुंबकही लावू नका. कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.