'बिलाँग'चा अर्थ

इंग्रजीच्या तासाला आठवी-नववीच्या मुलांना स्वतःची ओळख लिहायला सांगितली, की एक वाक्य हमखास येते : 'आय ॲम बिलाँगिंग टू सातारा डिस्ट्रिक्ट.' आम्ही लाल शाईने 'ॲम' खोडतो, 'इंग' खोडतो आणि सांगतो, बाबांनो, या क्रियापदाला चालू काळ नसतो. जेवणे चालू असते, धावणे चालू असते. 'बिलाँग' मात्र एक तर असते, नाही तर नसते. मुले माना डोलावतात आणि पुढच्या वेळी पुन्हा तसेच लिहितात.

चौदाव्या शतकापासून इंग्रजीत वावरणारे हे क्रियापद दिसायला साधे, पण वागायला मोठे चतुर आहे. 'धिस बुक बिलाँग्ज टू सलमा' म्हटले की पुस्तक सलमाच्या मालकीचे. 'सलमा बिलाँग्ज टू सातारा' म्हटले तर सलमा साताऱ्याच्या मालकीची होत नाही. ती साताऱ्याची असते, एवढेच. कपबशा कपाटात 'बिलाँग' करतात, म्हणजे त्यांची जागा तिथे आहे. प्रवासात सांभाळायचे चीजवस्तूंचे गाठोडे म्हणजे 'बिलाँगिंग्ज'. आणि पुढे-मागे काहीही न जोडता नुसतेच 'शी डझ नॉट बिलाँग' म्हटले, तर त्या बाईला इथे परके वाटते, किंवा इथल्यांना ती परकी वाटते. मालकी, मूळ, जागा आणि आपलेपणा, चारही गोष्टी एका शब्दाच्या पदरात.

मराठीत याला एक क्रियापद नाही. शब्दकोश 'मालकीचा असणे', 'संबंधित असणे' असे काहीबाही सांगतात, पण ते बोलण्यात येत नाही. आपले काम चा-ची-चे या प्रत्ययांवर भागते. पुस्तक सलमाचे, सलमा साताऱ्याची. श्रीगोंद्याचे शेख महंमद, बार्शीचे अमर शेख, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. या 'चे'मध्ये दाखला मागायची सोय नाही. माणूस गावाला चिकटला तो चिकटला. कोकणात तर तो आडनावातच जाऊन बसला : बाणकोटकर, मुरूडकर. आडनावावरून गाव कळते, मजहब कळत नाही.

सरकारी कागदावर मात्र भाषा बदलते. जातीच्या दाखल्याच्या इंग्रजी नमुन्यात अमुक व्यक्ती अमुक जमातीशी 'बिलाँग' करते असे छापलेले असते. आमच्यातले तांबोळी, शिकलगार, बागवान, मोमीन अशा दाखल्यासाठी खेटे घालतात. तिथल्या मराठीत आणखी एक शब्द भेटतो : 'मोडणे'. अर्जदार या प्रवर्गात मोडतो. आम्हाला हा शब्द नेहमी विचारात पाडतो. सामावणे आणि तुटणे, दोन्हींसाठी आपल्या भाषेने एकच शब्द वापरावा, यात केवळ योगायोग असेल. पण पणजोबांच्या नावाचा कागद शोधत वणवण करणाऱ्या माणसाला तो योगायोग वाटत नाही.

कागदाच्या बाहेरही ही तपासणी चालूच असते. आम्ही चार वाक्ये बोललो की समोरचा कौतुकाने म्हणतो, 'तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' त्याच्या मनात वाईट काही नसते. पण मातृभाषा छान बोलल्याबद्दल शाबासकी कोणाला मिळते? पाहुण्याला. मग पुढचा प्रश्न, 'मूळचे कुठले?' आम्ही तालुका सांगतो. 'नाही, म्हणजे त्याआधी?' त्याआधीही तोच तालुका असतो. गंमत अशी, की आपल्याकडच्या लग्नात उर्दूवाले पाहुणे दखनी थाटात 'तुम कां के?' विचारतात आणि उत्तर ऐकून हसत म्हणतात, 'अच्छा, मराठीवाले!' म्हणजे इकडचा सूर 'तुम्ही त्यांच्यातले' असा, आणि तिकडचाही सूर तोच. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्यामागे हीच बोच होती. आम्ही कुणाच्यातले, हे दुसऱ्यांनी सांगण्यापेक्षा आपणच लिहावे.

या क्रियापदाची आणखी एक खोड व्याकरण शिकवताना ध्यानात येते. त्याचा आज्ञार्थ सहसा होत नाही. 'या', 'बसा', 'लिहा' म्हणता येते, 'बिलाँग!' असा हुकूम कानाला विचित्रच लागतो. आपलेपणा हुकमाने येत नाही, पुराव्याने तर नाहीच नाही. मायलेकरांच्या नात्याला दाखला लागतो तो शाळेत नाव घालताना. घरात कोण मागतो?

मौतीची खबर आली की आपल्या तोंडून सूरह बकराची जी आयत निघते, तिच्या बऱ्याच इंग्रजी तर्जुम्यांत हेच 'बिलाँग' येते. पण मूळ अरबीत तिथे क्रियापद नाही. नुसता 'लि' आहे, एका अक्षराचा जोड. इंग्रजीला क्रियापद आणावे लागले. मराठीत तो अर्थ 'चे' या प्रत्ययात अलगद बसतो. शिकल्या-सवरल्या घरातही क्वचितच कुणाच्या ध्यानात आले असेल, की अरबीचा 'लि' आणि आपला 'चे' एकमेकांचे काम इतके नीट करतात.

वक्फच्या जमिनीबद्दल हनफी फिकहचे प्रचलित मत असे, की ती देणाऱ्याची राहत नाही आणि मुतवल्लीचीही होत नाही. ती अल्लाहची, माणूस फक्त राखणदार. आम्हाला वाटते, मुलखाचेही तसेच असावे. मुलूख आमच्या 'बिलाँगिंग्ज'मधला नाही, तसा तो आम्हाला परके ठरवणाऱ्यांच्याही गाठोड्यातला नाही. आम्ही त्याचे आहोत. राखण करायची, नांगरायचे, लिहायचे आणि शेवटी त्याच मातीत जायचे.

इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत दोन आहेत : 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. 'बिलाँग'ला मराठी प्रतिशब्द मागणाऱ्या मुलांना आता आम्ही हाच शब्द देणार आहोत. शब्दकोशात तो अर्थ सापडणार नाही. पण ज्या दिवशी कुणी आमचे मूळ गाव न विचारता बोलता बोलता सहज 'आपण' म्हणते, त्या दिवशी वाक्याला क्रियापदाची गरज उरत नाही.