थकलेले हात

बेसबॉल या अमेरिकन खेळाचे आम्हांस फारसे ज्ञान नाही. तरी १९६४ सालच्या फिलाडेल्फिया फिलीज या धंदेवाईक संघाची हकीकत वाचून आमचे मन हळहळले. अवघे १२ सामने उरले असता हा संघ साडेसहा सामन्यांनी पुढे होता. २१ सप्टेंबर रोजी सिनसिनाटीच्या चिको रुइझने धाडसाने धाव चोरली आणि फिलीज १-० असे हरले. तेव्हापासून व्यवस्थापक जीन मॉक यांचा धीर सुटला असावा. जिम बनिंग व ख्रिस शॉर्ट या आपल्या उत्तम गोलंदाजांस त्यांनी पुरती विश्रांती न देता पुनःपुन्हा मैदानात उतरविले. थकल्या बैलास आपल्याकडे कोणी असे जुंपीत नाही! लागोपाठ १० सामने गेले. शेवटचे दोन जिंकले खरे. पण तोवर सेंट लुईसचा संघ एका सामन्याने पुढे निघून गेला होता.