आधी उजवीकडे की आधी डावीकडे?

इस्राएलमध्ये येऊन स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना भाषा, हवामान आणि खाणेपिणे या तीन गोष्टींची नव्याने सवय करून घ्यावी लागली, हे सर्वच जण सांगतात. चौथ्या गोष्टीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. रस्ता ओलांडताना मान प्रथम कोणत्या बाजूस वळवावी, ही ती गोष्ट. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे पदपथावरून पाऊल खाली ठेवताना जवळचा धोका उजवीकडून येतो. येथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि तोच धोका डावीकडून येतो. सांगायला एवढेसे, पण अंगवळणी पडायला वर्षे लागतात.

१९८९ साली आम्ही मुंबईत अध्यापनाचे शिक्षण घेत होतो. सराव पाठासाठी ‘रहदारीचे नियम’ हा विषय आमच्या वाट्यास आला. वर्गाच्या फरशीवर खडूने रस्ता आखला, पुठ्ठ्याची लाल बस केली आणि दुसरीच्या मुलांकडून ‘आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे’ असे तालावर घोकून घेतले. निरीक्षक बाईंनी पाठास चांगले गुण दिले. ते घोकणे त्या मुलांच्या अंगात किती मुरले कोण जाणे. आमच्या अंगात मात्र पुरते मुरले. १९९४ साली अश्दोदला आल्यावर ते उतरवावयास आम्हांस दोन-तीन वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात अनोळखी चालकांकडून हिब्रू भाषेतील काही शब्द असे शिकलो की जे भाषावर्गात शिकवीत नाहीत.

आम्ही तरुण होतो म्हणून निभावले. आमच्या मावशी एकाहत्तराव्या वर्षी येथे आल्या. उभा जन्म माझगावात गेलेला. बेस्टच्या बसगाड्या, हातगाड्या आणि टॅक्सी यांच्यामधून पिशवी सांभाळीत त्या सहज पलीकडे जात. येथे येऊन वर्ष झाले नसेल, एका सकाळी बाजारातून परतताना त्यांनी सवयीप्रमाणे उजवीकडे पाहिले, रस्ता मोकळा दिसला आणि त्या उतरल्या. डावीकडून मोटारसायकल आली. खुब्याचे हाड मोडले. तो तरुण फार वेगात नव्हता. रुग्णवाहिका येईपर्यंत रस्त्यावर त्यांच्याजवळ बसून राहिला. रुग्णालयात मावशी आम्हांस पुनःपुन्हा एकच सांगत होत्या, “मी बघितलं होतं गं. रस्ता मोकळा होता.”

त्यानंतर त्या काठीने घरातल्या घरात चालू लागल्या, परंतु लांब चालणे संपले. शब्बाथला वाहन वर्ज्य. त्यामुळे प्रार्थनामंदिराची वाटही संपली. शनिवारी सकाळी त्या खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना शालोम म्हणत.

आमचे अश्दोद १९५६ साली वसले. शहर आखून बांधलेले. ‘रोवा’ म्हणजे वस्तीचे विभाग, आणि विभागांच्या मधून रुंद रस्ते. नकाशावर ते फार देखणे दिसते. परंतु जेथे एकाच दिशेने जाणारे दोन पदर असतात, तेथील झेब्रा पट्टे अनेकदा अरुंद गल्लीहूनही फसवे ठरतात. कडेच्या पदरातील गाडी सौजन्याने थांबते. पादचारी त्या सौजन्यावर विसंबून पुढे येतो. आणि शेजारच्या पदरातील चालकास थांबलेल्या गाडीखेरीज काहीच दिसत नाही. त्यातून ती गाडी म्हणजे बस असेल आणि पादचारी चार फुटांचा असेल, तर विचारावयास नको. पट्ट्यांपाशी थांबलेल्या वाहनास मागे टाकून पुढे जाऊ नये, हा नियम यासाठीच आहे.

आमच्या शाळेत वरच्या वर्गांतील मुले सकाळी चमकदार अंगरखे घालून, हातात ‘थांबा’ची पाटी घेऊन, धाकट्यांना रस्ता ओलांडून देतात. या पथकास ‘मिश्मेरेत ज़हाव’ म्हणतात. रस्त्यावरील सावधगिरी या अर्थाच्या हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘ज़हाव’ होते, आणि ज़हाव म्हणजे सोने. मुलांना या नावाचा मोठा अभिमान असतो. गेल्या वर्षी ते पथक तयार करण्याचे काम आमच्याकडेच होते, हे येथे सांगणे भाग आहे.

कारण पुढची गोष्ट आमचीच आहे. शुक्रवारची दुपार. शाळा लवकर सुटलेली. गाडीत भाजी, हल्ला-पाव आणि मासळी. सूर्यास्तापूर्वी नारळाच्या रसातले कालवण व्हावयाचे होते. पट्ट्यांपाशी उजव्या पदरात बस उभी होती. कोणी उतरत असेल, असे आम्ही मनाशी ठरविले आणि डावीकडून पुढे निघालो. बसच्या पुढून लाल दप्तर बाहेर आले. गाडी थांबली ती पट्ट्यांवरच. मुलाचा पंजा आमच्या गाडीच्या टपावर टेकलेला होता. तो आमच्याच वर्गातला, त्याच पथकातला. त्याने काचेतून आत पाहिले आणि म्हणाला, “मोरा?” मोरा म्हणजे बाई. मग “शब्बाथ शालोम” म्हणून पलीकडे गेला.

घरी येऊन आम्ही वहीत गणित मांडले. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदास सुमारे १४ मीटर जाते. डोळ्यांनी पाहिलेले पायापर्यंत पोहोचावयास साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे १५ मीटरवर मूल दिसले, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंत गाडी त्याच्यापाशी पोहोचलेली असते, आणि तीही पुऱ्या वेगात. ३० च्या वेगाने त्या सेकंदात सुमारे ८ मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरांच्या आसपास गाडी थांबते. आमचा काटा किती दाखवीत होता, हे आम्ही पाहिले नव्हते. आपल्याकडे मलिद्याच्या बैठकीत आम्ही सारे पदपथावरून पळणाऱ्या विजेच्या सायकलींविषयी आणि हातात फोन धरून गाडी हाकणाऱ्या पोरांविषयी तावातावाने बोलतो. ते रास्तही आहे. विजेच्या सायकलीस सोळा वर्षांची अट आहे आणि पदपथ तिच्यासाठी नाही. पण त्या दुपारी आमच्या हातात फोन नव्हता. फक्त घाई होती.

रविवारी वर्गात गेलो, तेव्हा त्या मुलाने कोणास काही सांगितले नव्हते, हे लक्षात आले. आम्ही फळ्यावर बस काढली, गाडी काढली आणि ती कोण चालवीत होते तेही सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीने विचारले, “मोरा, तुम्हाला दंड झाला का?”

“नाही.”

“का नाही?”

यास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता आमचा बाजार गुरुवारी संध्याकाळी होतो. मासळी एक रात्र फ्रिजमध्ये राहते, आणि कालवणाला पूर्वीची चव नाही, अशी घरच्या मंडळींची दर शुक्रवारी तक्रार असते.