पडद्यावरचा मागचा बाक

मी साताऱ्यात अर्थशास्त्र शिकवते. सॉफ्टवेअर वापरण्यापलीकडे माझा त्याच्याशी कधी संबंध आला नव्हता. सांगलीतल्या माझ्या भाच्याने मित्रांबरोबर ऑनलाइन पदवीच्या मुलांसाठी व्हिडिओ वर्ग बनवायला घेतला, तेव्हा त्याचा फोन आला, "मावशी, आम्हाला शिकवणारं माणूस पाहिजे." विश्रामबागेतल्या त्यांच्या खोलीत पहिल्या बैठकीला सर्व्हर, लेटन्सी, कोडेक हे सगळं डोक्यावरून गेलं. पण खरी गोंधळले ते त्यांच्या साध्या प्रश्नाने. "वर्ग रंगतो म्हणजे नक्की काय होतं, मॅडम? आम्हाला तेच बनवायचंय." इतकी वर्षं शिकवते आहे, पण याचं उत्तर मला चटकन देता येईना.

त्यांची यादी तयार होती. बरोबर उत्तराला गुण, टाळ्यांची चित्रं, जास्त बोलणाऱ्याला बिल्ला. मला 2020 मधले ऑनलाइन तास आठवत होते. काळे चौकोन, आणि त्यांच्यापुढे आपण "आवाज येतोय का?" विचारत बसलेलो. बिल्ल्याने ते चौकोन बोलते झाले असते, असं मला वाटेना.

मग मी कॉलेजातल्या माझ्याच तासांकडे लक्ष देऊन पाहू लागले. मागणीची लवचीकता शिकवताना तिसऱ्या बाकावरची मुलगी शेजारणीच्या कानाशी लागते. ती काहीतरी पुटपुटते, मान हलवते, आणि मग दोघींपैकी एक धीर करून हात वर करते. प्रश्न आधी कुजबुजीत जन्मतो. व्हिडिओ वर्गात कुजबुजायला जागाच नसते. बोलायचं तर साऱ्या वर्गासमोर, नाहीतर गप्प. हे सांगितलं तेव्हा पोरं लॅपटॉप बाजूला सारून ऐकू लागली.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1991 पासून याच कुजबुजीवर शिकवत आले. आधी प्रश्न, मग ज्याचं त्याचं उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा उत्तर. अमेरिकेतल्या मिनर्व्हा विद्यापीठाच्या व्हिडिओ वर्गात कोण किती बोललं ते शिक्षकाला पडद्यावर दिसतं. पण तिथे एका वर्गात वीसही मुलं नसतात. आमच्याकडे साठ-सत्तर, आणि बहुतेक फोनवर.

ही मुलं दिवसा एमआयडीसीत, दुकानात, पंपावर कामाला असतात. साताऱ्याला अशी मुलं नवी नाहीत. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं हाताने स्वयंपाक करून एका पंगतीला जेवत, कष्ट करत आणि शिकत. त्यांना एकमेकांची सोबत होती. जतच्या एखाद्या वाडीतून फोनवर तासाला बसणाऱ्या मुलीला ती नाही. मला या सॉफ्टवेअरकडून हवी आहे ती ही सोबत.

पाया म्हणून पोरांनी बिगब्लूबटन घेतलं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात 2007 मध्ये सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. त्यात मुलांना छोट्या खोल्यांत पाठवता येतं, पण खोली बदलली की आवाज पुन्हा जोडावा लागतो, आणि कच्च्या रेंजवर त्यातच वेळ जातो. म्हणून आम्ही 'बाक' केला. चौघे सत्रभर एकत्र, शक्यतो एकाच भागातले. ते आपसात बोलू लागले की माझा आवाज त्यांच्यापुरता खाली येतो, थांबले की वर.

कॅमेऱ्यावरून बरीच चर्चा झाली. मुलं कॅमेरा का बंद ठेवतात, यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅस्टेली आणि सारवरी यांचा 2021 चा अभ्यास आहे. आपण कसे दिसतो, मागे घरातलं कोण आणि काय दिसतं याचा संकोच, आणि इंटरनेट कच्चं. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मुलीला हे वाचून कळायला नको. शिवाय हिशेबही बोलका निघाला. चेहरा पाठवायला तासाला सव्वादोनशे एमबी सहज लागतात. नुसता आवाज, ओपस या आवाज आटोपशीर करणाऱ्या कोडेकमधून, वीसेक एमबीत जातो. फळ्यावरची रेघ चित्र म्हणून न पाठवता तिचे बिंदू पाठवले, तर खर्च नगण्य. कॅमेरा मुळात बंदच राहील, असं ठरलं.

चाचणीच्या तासाला मी इथलाच प्रश्न घेतला. द्राक्षाचा भाव पडला की शेतकरी बेदाणा जास्त करतात. मग बेदाण्याच्या भावाचं काय होईल? बहुतेकांनी 'पडेल' निवडलं. मग बाक मोकळे सोडले. माझ्या पडद्यावर कुठले बाक बोलताहेत तेवढे दिवे दिसत होते, शब्द नाही. शिक्षकाला ऐकू यावं आणि ध्वनिमुद्रणही व्हावं, असं पोरांचं म्हणणं होतं. मी ते होऊ दिलं नाही. शिक्षक ऐकतोय म्हटल्यावर कुजबुज राहतच नाही. एक दिवा बराच वेळ पेटलेला होता. मग तासगावकडची एक मुलगी सगळ्यांसमोर बोलली, "मॅडम, पण बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवता येतोय की. मग लगेच कशाला पडंल?" पुरवठ्याची लवचीकता मी पुढच्या तासाला घेणार होते. ती तिथेच सुरू झाली, आणि दुसऱ्या बाकावरून लगेच भाडं कोण भरणार हा प्रश्न आला.

अजून बरंच अडलेलं आहे. एखाद्याकडे हेडफोन नसला की माझा आवाज बाकावरच्या बाकीच्यांना दोनदा ऐकू येतो. आणि चौघांतले दोघे यायचे थांबले, तर उरलेल्यांनी कुणाशी बोलायचं? पोरं म्हणतात, लगेच दुसऱ्या बाकाला जोडू. मी म्हणते, आधी त्या दोघांनाच गेलेल्यांना फोन करू दे. पुढच्या सत्रात अर्ध्या वर्गाला एक आणि अर्ध्याला दुसरं, असं करून बघणार आहोत.